सोवळ्याची फेरी

आमचं वॉशिंग मशीन सहा वर्षं न्हाणीघराच्या कोपऱ्यात गुण्यागोविंदानं नांदत होतं. यंदा माघात ते जागा सोडायला लागलं. कपडे पिळण्याची वेळ आली की आधी घुमायचं, मग थडथडायचं, आणि थांबेपर्यंत दाराच्या दिशेनं सरकलेलं असायचं. पहिल्या दिवशी मी पट्टी घेऊन मोजलं. अडतीस मिलिमीटर.

मोजायची मला सवय आहे. बँकेत सत्तावीस वर्षं झाली. एखादी गोष्ट आकड्यात मांडल्याशिवाय ती मला नीट दिसतच नाही. बायको म्हणते, ह्यांना ताप आला तर आधी तक्ता आखतात आणि मग पडतात. ते खरं आहे, आणि त्यात चुकीचं काही आहे असं मला अजूनही वाटत नाही.

मशीन नेमकं ह्याच वेळी बिघडणं मात्र चालण्यासारखं नव्हतं. आई शहात्तर वर्षांची आहे. नऊवारी नेसते, पहाटे अंघोळ करते, आणि अंघोळीबरोबर आदल्या दिवशीचं लुगडं स्वतः धुऊन, स्वतः पिळून छतावर वाळत घालायची. मला कळायला लागल्यापासून ह्यात एका दिवसाचा खंड नव्हता. ती कधी धोब्याकडे लुगडं देत नव्हती, मशीनमध्ये तर नाहीच. "तुमच्या पँटी-बनियनींच्या गर्दीत माझं लुगडं फिरणार नाही," असं मशीन घरात आलं त्याच दिवशी तिनं सांगून टाकलं होतं.

मग कार्तिकात गंगेवरच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढताना ती घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी तिच्या हाताची बोटं एकेक करून वाकवून बघितली आणि म्हणाले, "अम्मा, रोटी बेलिए, माला जपिए, सब कीजिए. बस निचोड़ना बंद. हमेशा के लिए." घरी येताना गल्लीत मी तिला तेच मराठीत पुन्हा सांगितलं, की पिळणं कायमचं बंद. ती म्हणाली, "मला हिंदी येतं."

मधले दिवस बायकोनं तिची लुगडी धुतली. अंघोळ करून, ओलेत्यानं, आईला पटेल तशीच. पण आईला ते रोज बोचायचं. सुनेनं थंडीत ओल्या कपड्यानं उभं राहायचं आणि आपण पाटावर बसून बघायचं, हे तिला सहन होईना. शेवटी माघ लागला तसं तिनं मशीनचं नाव स्वतःच काढलं. अटी घातल्या. तिचं लुगडं एकटंच धुतलं जाईल. सकाळी सहाला, बाकी कुणाचा कपडा आत पडायच्या आधी. घालणार ती, काढणार ती. आणि पहिल्या दिवशी आत तांब्याभर गंगा ओतायची. आम्ही सगळं कबूल केलं. त्या धुण्याला घरात 'सोवळ्याची फेरी' असं नाव पडलं. बाकीच्या कपड्यांची फेरी दहा वाजता, बायकोची.

आणि त्याच आठवड्यात मशीन सरकायला लागलं.

आता त्याच आठवड्यात आणखीही एक गोष्ट झाली होती. आई पुन्हा घसरू नये म्हणून मी न्हाणीघरात खरखरीत टाइल बसवून घेतल्या होत्या. मिस्त्रीनं पाणी तुंबू नये म्हणून मोरीकडे चांगला उतार दिला होता. कारण शोधायला निघालेला कुठलाही शहाणा माणूस पहिलं बोट त्या टाइलवर ठेवेल. मीही ठेवलं.

मिस्त्रीकडून पाणसळ मागून आणली. मशीनच्या डोक्यावर ठेवली तर आतला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. साठ सेंटिमीटरमध्ये नऊ मिलिमीटरचा उतार होता. मशीनच्या चारही पायांना आटे असतात. ते फिरवले की पाय लांब-आखूड होतात. मी फरशीवर पालथा पडून पाना लावून पुढचे दोन पाय वाढवले, बुडबुडा मधोमध आणला आणि पाय पुन्हा फिरू नयेत म्हणून त्यांच्यावरच्या चाक्या कसल्या. मग पायांभोवती फरशीवर खडूनं गोल आखले. रोज संध्याकाळी बँकेतून आलो की पाय गोलाच्या बाहेर किती गेला ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. पाय समपातळीत आणल्यावर आकडा अडतीसवरून एकतीसवर आला. सुधारणा होती, पण पुरेशी नव्हती.

तेव्हा मेकॅनिकला फोन लावला. आमच्या दूधविनायकच्या गल्लीत यायचं म्हणजे गाडी लांब लावून चालत यावं लागतं, त्यामुळे तो आधी फोनवरच जमेल तेवढं उरकतो.

"बाबूजी, पहले खाली चलाकर देखिए," तो म्हणाला. "खाली में न हिले तो मशीन ठीक है. फिर सामान देखिए."

फोन स्पीकरवर होता. बायको सांगलीची. लग्न होऊन इथं आली त्याला बावीस वर्षं झाली, पण हा एक शब्द तिच्या अजून अंगवळणी पडलेला नाही.

"खाली म्हणजे त्यांचं खाली की आपलं खाली?" तिनं विचारलं.

"त्यांचं. रिकामं."

"मग बरं. मला वाटलं, आता हे धूड जिन्यावरून उतरवायचं."

"उतरवू नका ग बाई," आई आतल्या खोलीतून म्हणाली. "चढवताना चार हमाल लागले होते, आणि त्यातला एक निम्म्या जिन्यात बसून चहा मागत होता."

मशीन रिकामं चालवलं. तीन मिलिमीटर सरकलं, म्हणजे न सरकल्यासारखंच. मशीन ठीक होतं. राहिलं सामान. सामान देखिए ह्याचा अर्थ मी असा घेतला की कपडे जास्त होत असणार. दहाच्या फेरीतले कपडे निम्मे करायला बायकोला सांगितलं. तिनं केले. तिच्या फेऱ्या वाढल्या, कुरकुर वाढली, आणि मशीन होतं तसंच सरकत राहिलं.

"निम्मे कपडे घालून दुप्पट वेळा हलवून घ्यायचं, असा हिशेब आहे का तुमचा?" ती म्हणाली.

त्यावर मी रबराचे चार जाड तुकडे आणून पायांखाली घातले. तो मंगळवार होता. बुधवारी संध्याकाळी मोजलं, तर शून्य. गुरुवारी शून्य. शुक्रवारी एक मिलिमीटर, आणि तो खडू पुसट झाल्यामुळे असावा. मी वहीत रेघ मारून खाली 'काम पूर्ण' असं लिहिलं. बँकेत दुपारच्या डब्याला दोघा सहकाऱ्यांना समपातळी आणि रबर ह्यांबद्दल सविस्तर सांगितलं. एकानं त्याच्या घरचं मशीन बघायला यायचं आमंत्रणही दिलं. घरी आईला सांगितलं, "बघ, एकदाचं बसलं जागेवर."

आई म्हणाली, "हो. छान झालं."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, महिन्यातला दुसरा, म्हणजे बँक बंद. दुपारी साडेचारला मी पाण्याची टाकी बघायला छतावर गेलो. शिवरात्र मागे पडली होती, थंडी ओसरलेली, दिवसभर कडक ऊन. तारेवर आईचं लुगडं होतं. मला एकीकडून दुसरीकडे जायचं होतं म्हणून मी वाकलो, तर मानेवर थेंब पडला.

मी तिथंच थांबलो. मशीननं पिळलेलं लुगडं आधीच्या आठवड्यातल्या उन्हात एक-दीडपर्यंत वाळून जात होतं. बायको दोनला कपडे काढायची तेव्हा आई आपली काठी घेऊन वर यायची आणि लुगडं काठीनं उतरवून न्यायची; दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागत नसे. हे साडेचारला ओलं होतं. काठाशी बोट लावलं तर पाणी आलं. खाली फरशीवर लुगड्याच्या लांबीची ओली पट्टी उमटली होती.

सोवळ्याला हात लावला हे त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही.

खाली आलो. साबणाच्या पातळ द्रावणाच्या बाटलीवर मी मागेच कागदाची पट्टी चिकटवून खुणा केल्या होत्या, एका फेरीला एक टोपण ह्या प्रमाणात. बुधवारपासून शनिवारपर्यंत चार दिवस, रोज सहाची एक आणि दहाची एक, म्हणजे आठ टोपणं जायला हवी होती. निम्मे कपडे घालायचा माझा नियम बायकोनं मंगळवारीच मोडीत काढला होता, तेव्हा तिचीही रोज एकच फेरी. बाटलीतून चारच टोपणं गेली होती.

वही काढली. मशीन सरकत होतं तेव्हाचे आकडे, रबर लावल्यानंतरचे आकडे. सगळे बरोबर होते. चूक मोजण्यात नव्हती, मोजायच्या वेळेत होती. दिवसाला फेऱ्या दोन आणि मी संध्याकाळी येऊन मोजायचो एकदा. कुठल्या फेरीत किती सरकलं, हे वहीत कुठंच नव्हतं. दोन खातेदारांची एकच बेरीज लिहिणाऱ्या कारकुनाला मी काय बोललो असतो, ते इथं लिहीत नाही.

आई तिच्या खोलीत पोथी उघडून बसली होती. पान डाव्या हातानं उलटत होती. उजवा हात पदराखाली.

"हात दाखव," मी म्हणालो.

"कशाला?"

"आई, हात दाखव."

तिनं बाहेर काढला. मनगट सुजलं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा होतं त्याहून जास्त.

"किती दिवस?"

"तू वहीत लिहिलं असशील की," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून खरं सांगितलं. "बुधवारपासून. तू दूध आणायला गेलास की नळाखाली उरकून घ्यायचे. सगळं नाही पिळत मी. अर्धं पिळते, अर्धं तसंच निथळायला टाकते."

"पण का? मशीन कशाला आहे मग?"

"त्याला माझं लुगडं नको आहे." तिनं पोथी मिटली. "मी उभी असते ना तिथं. तुम्ही कुणी नसता. तुमचे कपडे घातले की गुमान फिरतं. माझं लुगडं घातलं की त्याचा एका बाजूला गोळा होतो आणि ते धाड धाड आपटायला लागतं. तीनतीनदा थांबतं, पुन्हा सुरू होतं. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तू आपला जमिनीवर पालथा पडून पाने फिरवतो आहेस, मिस्त्रीला बोल लावतो आहेस, सुनेच्या फेऱ्या वाढवतो आहेस. म्हटलं, एका लुगड्यासाठी सगळ्या घराला त्रास. त्यापेक्षा हात आहे तो."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरांना काय, त्यांना हात दिसतो. मला काम दिसतं."

बायको दारात येऊन उभी होती. "आई, मला तरी सांगायचंत," ती म्हणाली.

"तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा ओलेत्यानं उभी राहिली असतीस."

आणि ती उभी राहिलीच असती.

मी स्वयंपाकघरातून वजनकाटा आणला. आईची परवानगी घेऊन एक धुतलेलं लुगडं तिच्याच हातानं त्यावर ठेवायला लावलं. कोरडं नऊशे ग्रॅम. मग पाण्यात बुडवून, न पिळता, बादलीत घालून वजन केलं आणि बादलीचं वजन वजा केलं. दोन किलो सातशे. एवढं ओझं एकाच गोळ्यात, मशीनच्या आतल्या पिंपाच्या एकाच बाजूला, आणि ते पिंप मिनिटाला हजार वेळा फिरणार. पाणसळ लावा नाहीतर फरशी सोन्याची करा, ते उडी मारणारच. दहाच्या फेरीत पंधरा-वीस कपडे असतात. ते चहूकडे पसरतात, कुणी इकडे, कुणी तिकडे, आणि भार आपोआप सारखा होतो. मेकॅनिकनं सामान बघा म्हटलं होतं ते बरोबर होतं. मी जास्तीचं बघितलं, बघायचं होतं कमीचं.

"म्हणजे त्याला लुगडं नको आहे असं नाही," मी आईला म्हणालो. "एकटं नको आहे."

"मग झालंच की. माझं एकटंच असणार."

"दोन दिवसांची दोन लुगडी एकत्र घातली तर?"

"आणि कालचं पारोसं आज दिवसभर घरात ठेवू? काहीतरीच बोलू नकोस."

"माझं पूजेचं धोतर?"

आईनं विचार केला. धोतर सोवळ्याचं होतं; तत्त्वाला धक्का नव्हता. मी धोतर काट्यावर ठेवलं. तीनशे दहा ग्रॅम. पुरेसं नव्हतं, आणि मी पूजा रोज करतो असंही नव्हतं. हे दुसरं कारण मी बोललो नाही. आईनं बोलून दाखवलं.

मार्ग बायकोनं काढला. "आई, कोरे पंचे आणले तर? मोठे, जाड. दोन. कुणी अंग पुसायचं नाही, कुणी हात लावायचा नाही. फक्त तुमच्या लुगड्याबरोबर मशीनमध्ये जायचं आणि तुमच्या लुगड्याबरोबर तारेवर यायचं."

"कुणी वापरायचेच नाहीत?"

"नाही."

"रोज धुवायचे?"

"रोज."

"न मळलेले पंचे रोज धुवायचे," आई म्हणाली आणि तिला हसू आलं. "लोक विचारतील तर काय सांगू? हे काय करतात म्हणून?"

"सोबत करतात म्हणून सांगा."

आईनं उजवा हात मांडीवर ठेवला. मग अटी आल्या. पंचे सुती हवेत. बिनरंगाचे, म्हणजे लुगड्याला डाग नको. आधी एकदा तिच्या हातानं पाण्यातून काढलेले, पिळायचे नाहीत, तसेच वाळवायचे. आणि त्यांची जागा तिच्या खोलीतल्या वेगळ्या दांडीवर. मी एकेक अट लिहून घेतली. माझी एकच होती: पुन्हा नळाखाली काही धुतलेलं दिसलं, तर मी दूध आणायला जाणं बंद करेन आणि सहाला मशीनजवळ खुर्ची टाकून बसेन.

"नको बाबा," ती म्हणाली. "त्यापेक्षा मशीन परवडलं."

पंचे मी स्वतः चौकातल्या दुकानातून आणले. दुकानदाराकडे तराजू मागितला तेव्हा तो म्हणाला, "भाईसाहब, तौलिया है, मिठाई नहीं." तरी मी तोलून घेतले. सहाशे-सहाशे ग्रॅमचे दोन. मंगळवारी सकाळी सहाला लुगडं आणि दोन पंचे आत गेले. दुधाला मी उशीर केला. आई मशीनच्या दाराच्या काचेतून बघत होती. पाणी भरलं, फिरलं, साबण सुटला, सगळं नेहमीसारखं. पिळायची वेळ आली तशी तिनं चष्मा सारखा केला. पिंपानं एक हिसका दिला, थांबलं, कपडे सैल केले, आणि मग वेग घेतला. आवाज चढत गेला आणि एका सुरात स्थिरावला.

"गेला की पलीकडे," आई काचेवर बोट ठेवून म्हणाली. "एक पंचा ह्या बाजूला, एक त्या. बघ."

इतक्या वेगात तिला काही दिसणं शक्य नव्हतं. तरी मीही वाकून बघितलं. मशीन थांबल्यावर खडूचा गोल मोजला. दोन मिलिमीटर. ह्या वेळी सहाच्या फेरीचा वेगळा आकडा लिहिला, आणि साडेअकराला बायकोला फोन करून दहाचाही विचारून घेतला. तो एक होता.

सूज उतरायला अकरा दिवस लागले. मी रोज दोरीनं मनगटाचा घेर घेत होतो. चौथ्या दिवसानंतर आई न सांगता हात पुढे करायची, कधी कधी नुसती चेष्टा म्हणून डावा करायची.

चैत्रात रामघाटावरच्या एका घरून फोन आला. आईची तिथली मैत्रीण, तिच्याच वयाची, तिच्यासारखीच नऊवारीतली. तिचा गुडघा गेलेला आणि खाली बसून धुणं होत नाही. आईनं तिला देवळात पंच्यांची गोष्ट सांगितली होती. आता तिचा मुलगा विचारत होता की पंचे किती आणि केवढे.

"दोन," मी सांगितलं. "कोरडे, दोन्ही मिळून बाराशे ग्रॅम. कमी नको. आणि मशीन तेवढं समपातळीत घ्या, पाणसळ माझ्याकडून न्या."

"अरे थांब, थांब," आई आतून आली. "महत्त्वाचं सांगितलंसच नाहीस. दे इकडे." तिनं उजव्या हातानं माझ्याकडून फोन घेतला आणि कानाला लावला. "हे बघ, ग्रॅम-बिम ह्याचं चालू दे. आईला सांग, पंचे आधी तिनं स्वतः पाण्यातून काढायचे. आणि पिळायचे नाहीत म्हणावं. अजिबात पिळायचे नाहीत."